पुतण्याची नवी चाके

आमच्या पुतण्याने पिकअप गाडी घेतली, तेव्हा बँकेच्या कागदावर जामीन म्हणून सही मी केली होती. त्यामुळे त्या गाडीच्या बऱ्यावाईटात माझाही थोडा वाटा आहे, असे मी समजतो. पुतण्या तसे समजत नाही. त्याचे म्हणणे असे की, काकांनी सही केली तिथे काकांचे काम संपले. हप्ते तो भरतो, डिझेल तो भरतो, तेव्हा गाडीला काय शोभते हेही तोच ठरवणार. तरुण माणसाशी वाद घालताना नेहमी असेच होते. त्याचे प्रत्येक वाक्य खरे असते आणि तरीही शेवटचा निष्कर्ष काही केल्या पटत नाही.

वाचकहो, एरवी या पानावर मी आपल्याशी इकडचे तिकडचे बोलतो. दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस जागा देतात, म्हणून यंदा एका घरगुती प्रकरणाची हकीकत सविस्तर सांगणार आहे. हकीकत चाकांची आहे. ज्यांच्या घरी मालवाहू गाडी आहे त्यांना ती उपयोगी पडेल. ज्यांच्या घरी गाडी नाही, त्यांच्या घरी निदान एखादा पुतण्या तरी असेलच.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात आहे. इकडे टोमॅटोचे पीक मोठे. हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांच्या भिंती उभ्या राहतात आणि त्या भिंती हलवण्याचे काम बहुतेक पिकअप गाड्या करतात. पुढे दोघातिघांची केबिन, मागे उघडा हौदा, असे हे वाहन. बैलगाडीची कामे आमच्याकडे आता तेच करते. थोरला भाऊ जाऊन नऊ वर्षे झाली. जमीन थोडी. तेव्हा पुतण्याने गाडी घ्यायची आणि भाड्याने माल वाहायचा, असे सगळ्यांनी मिळून ठरवले. त्याने ते नेटाने केले. पहाटे तीनला उठून तो कल्याणला माल घेऊन जातो आणि दुपारी परत येऊन रानात पाणी धरतो. त्याला नावे ठेवावीत असे त्याच्यात काही नाही. मात्र गाडीचा त्याला फार सोस.

प्रथम केबिनला झालर आली. मग पुढच्या काचेवर आईचा आशीर्वाद आला. नंतर असा हॉर्न आला, की आळीतली कुत्रीसुद्धा अंग चोरून बसत. इथवर माझी तक्रार नव्हती. पण यंदाच्या श्रावणात एका संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि मोबाईलवर मला एक चित्र दाखवू लागला. चित्रात आमच्याच गाडीसारखी एक गाडी होती. तिची चाके मात्र चांदीच्या ताटासारखी चमकत होती, आणि टायर इतके चपटे की चाकाला काळी किनार लावल्यासारखे वाटावे.

"काका, गणपती आणायच्या आधी ही चाकं टाकायची," तो म्हणाला.

"असलेल्या चाकांना काय झालं?"

"झालं काही नाही. पण ती लोखंडी आहेत."

"बैलगाडीची लाकडी होती," मी म्हणालो, "तुझे पणजोबा कधी तक्रार करीत नसत."

हा युक्तिवाद मला त्या वेळी बिनतोड वाटला होता. पुतण्याला वाटला नाही. सगळ्यांची मिळून किंमत ऐंशी हजारांच्या घरात जात होती. साठ हजार त्याच्यापाशी होते. उरलेल्या वीस हजारांसाठी तो ओसरीवर आला होता.

आता माझी चूक कुठे सुरू झाली ते सांगतो. मी सरळ नाही म्हणालो असतो तर प्रकरण मिटले असते. पण मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. समोर आकडे आले की माझ्याच्याने स्वस्थ बसवत नाही. "आधी मोजमाप पाहू," असे मी म्हणालो आणि चष्मा लावून गाडीपाशी गेलो.

टायरच्या अंगावर काय लिहिलेले असते हे पुष्कळांना ठाऊक नसते. गाडी रोज वापरणाऱ्यांनाही नसते. आमच्या जुन्या टायरवर होते, २१५/७५ आर १५. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या शेकडेवारीत. आर म्हणजे रेडियल, ही टायरच्या आतल्या विणीची एक जात. आणि १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, हा मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असे उत्तर माझ्या वर्गात कोणी लिहिले असते तर मी अर्धे गुण कापले असते.

पुतण्याला हवी असलेली चाके १८ इंची होती आणि त्यांवरचे टायर २३५/५० आर १८. मी कागद घेतला. जुन्या चाकाची एकूण उंची निघाली ७०३.५ मिलिमीटर, नव्याची ६९२.२. फरक फक्त ११ मिलिमीटरांचा. म्हणजे रिम मोठी झाली तरी टायरची भिंत तितकीच बुटकी झाल्यामुळे चाक बाहेरून जवळजवळ तेवढेच राहणार. वेग दाखवणारा काटा साठ दाखवील तेव्हा गाडी खरी एकोणसाठने धावत असेल, एवढाच काय तो फेर. गणित चोख जमले. मी इतका खूश झालो, की वीस हजार रुपये त्याच रात्री काढून दिले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पाहिलंय ना नीट?" मी म्हणालो, "वहिनी, दशांशापर्यंत पाहिलंय."

चाके तालुक्याबाहेरच्या एका दुकानात बसवली. दुकान झकपक होते. मालकाने चहा दिला. पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपाच इंच, आणि नव्या चाकाची भोकेही नेमकी त्याच मापाची. "साहेब, आपल्या गाडीसाठीच जन्माला आलीत," असे मालक म्हणाले. एका पोऱ्याने जुनेच नट घेऊन, पान्यावर पाय देऊन, ते करकचून आवळले. गाडी रस्त्यावर आली तेव्हा चाके मडगार्डाच्या बाहेर इंच दीड इंच डोकावत होती. पुतण्या म्हणाला, त्यालाच रुबाब म्हणतात. जुनी चाके विकून टाकायचा त्याचा विचार होता. पण वहिनींनी ती घरी आणायला लावली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. चालती वस्तू घराबाहेर टाकू नये, एवढेच त्या म्हणाल्या.

त्या वर्षीचा मंडळाचा गणपती आमच्या गाडीतून आला. गुलालात ती चाके खरोखर देखणी दिसली. मी मनात म्हटले, वीस हजार सत्कारणी लागले.

अनंत चतुर्दशी झाली आणि आठवड्याने मला मुलीकडे कल्याणला जायचे होते. पुतण्या माल घेऊन निघाला होता, म्हणून मी त्याच्याच शेजारी बसलो. मागे साठ क्रेट टोमॅटो. क्रेटमध्ये वीस किलो धरले तर बाराशे किलो, क्रेटांचे वजन वेगळे. नव्या चाकांवर पूर्ण भरलेली ही पहिलीच खेप होती. त्याआधी गणपतीच्या दिवसांत किरकोळ सामानाच्याच फेऱ्या झाल्या होत्या.

ओतूर मागे पडले आणि माझ्या कानाला काहीतरी लागले. कट्, कट्, कट्. गाडी हळू झाली की आवाज हळू, जलद झाली की जलद. मी पुतण्याला म्हणालो, "काहीतरी वाजतंय." तो म्हणाला, "क्रेट असतील." थोड्या वेळाने मी पुन्हा म्हणालो, "क्रेट रस्त्यातल्या खड्ड्याला वाजतात, हे चाकाच्या फेऱ्याला वाजतंय." तीस वर्षांच्या गणिताचा जर कुठे उपयोग झाला असेल, तर तो या एका वाक्यात झाला. पुतण्याने माझ्याकडे पाहिले आणि गाडी बाजूला घेतली.

समोर मढ होते. त्याच्यापुढे माळशेज घाट उतरतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि त्या दिवशी सकाळचे धुके.

रस्त्याकडेला पत्र्याचे एक पंक्चरचे दुकान होते. दारात एक म्हातारे गृहस्थ विडी ओढत बसले होते. पूर्वी ते ट्रक चालवीत, हे नंतर कळले. ते उठून आले, मागच्या उजव्या चाकापाशी वाकले आणि काही न बोलता पुतण्याला जवळ बोलावले. पाच नटांपैकी एक नट गळून पडला होता. दुसरा त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून काढला आणि पुतण्याच्या तळहातावर ठेवला.

"घाटात उतरणार होतास?" त्यांनी विचारले.

पुतण्या काही बोलला नाही. तो नट त्याने मुठीत धरला होता आणि त्याची मूठ थरथरत होती, हे मी पाहिले.

म्हातारबुवांनी आम्हाला नट दाखवला. त्याचे बूड गोलसर होते. मग नव्या चाकाचे भोक दाखवले, ते निमुळते होते, नरसाळ्याच्या तोंडासारखे. "गोल बुडाचा नट निमुळत्या भोकात पुरता बसत नाही," ते म्हणाले. "नुसत्या कडेवर टेकतो. पोऱ्यानं कितीही पाय देऊन आवळला तरी चार दिवसांत ढिला होणार." शिवाय चाकाच्या मधले भोक गाडीच्या हबपेक्षा मोठे होते. ती फट भरायला एक कडे मिळते, ते बसवलेच नव्हते. त्यामुळे चाक हबवर नेमके मध्यावर बसले की नाही, हे सगळे त्या ढिल्या नटांच्या भरवशावर होते.

"नट नवे घालता येतील ना?" मी विचारले.

"घालता येतील. पण बाबा, आधी हे वाचा." त्यांनी टायरवर बोट ठेवले. २३५/५० आर १८ च्या पुढे, थोड्या लहान अक्षरात, आणखी एक आकडा होता. ९७. "हे वाचलं होतं का?"

मी वाचले होते. ओसरीवर बसून मोबाईलच्या चित्रात ते मी डोळ्यांनी पाहिले होते आणि माझ्या सूत्रात त्याला जागा नव्हती म्हणून सोडून दिले होते.

त्या गृहस्थांनी मग सांगितले, आणि मी नंतर तक्ता पाहून खात्री करून घेतली, ते असे. टायरच्या मापापुढचा हा आकडा म्हणजे त्या टायरने किती भार उचलावा याची खूण. तो किलोचा आकडा नव्हे, त्यासाठी ठरलेला तक्ता असतो. ९७ म्हणजे ७३० किलो. १०० म्हणजे ८०० किलो. १०६ म्हणजे ९५० किलो. आमच्या जुन्या टायरवर १०६/१०३ असे होते. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जिथे दोन टायर शेजारी शेजारी जोडून बसवतात तिथल्यासाठी. जुन्या टायरवर ८ पीआर असेही होते. पूर्वी टायरमध्ये कापडाचे खरोखरचे थर मोजत, त्याची ही आठवण. आता थर तितके नसतात, आकडा मजबुतीचा राहिला आहे. पुतण्याने आणलेला टायर मात्र माणसांना नेणाऱ्या मोटारीचा होता. मोटारीत बसणाऱ्यांनी कधी साठ क्रेट टोमॅटो मांडीवर घेतलेले नसतात.

मी खिशातला कागद काढला आणि टेकायला म्हणून गाडीच्या बॉनेटवर ठेवला. मागची जुनी दोन चाके मिळून १९०० किलो उचलत. नवी दोन मिळून १४६०. तूट ४४० किलोंची, म्हणजे बरोबर बावीस क्रेट. आणि भरलेल्या गाडीत मागच्या एक्सलवर गाडीचा हिस्सा आणि माल मिळून अठराशे किलो तरी येतच होते. म्हणजे प्रत्येक टायर आपल्या ताकदीपेक्षा १७० किलो जास्त वाहत होता. म्हातारबुवांनी माझा हात धरून टायरच्या भिंतीवर ठेवला. तो तापलेल्या तव्याइतका नाही, पण हात मागे घ्यावासा वाटण्याइतका गरम होता.

"हवा किती भरलीस?" त्यांनी पुतण्याला विचारले.

"आधीएवढीच. साठ."

त्यांनी पुन्हा टायरवर बोट ठेवले. कमाल दाब ४४, असे तिथे लिहिले होते.

भार जास्त झाला की टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो. दबला की आतून तापतो. तापला की आतले थर एकमेकांना सोडू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. एखादे दिवशी बाजूला फुगा येतो, किंवा फुगा न येताच तो फुटतो. जास्त हवा भरून ताकद वाढेल असे वाटते, पण आतले थर नि तारा त्याच असतात. पोत्याची शिवण कच्ची असेल तर ते अधिक ठासून भरल्याने पक्के होत नाही.

बाहेर डोकावणाऱ्या चाकांचाही त्यांनी समाचार घेतला. "भरलेली घागर कडेवर घेऊन बाई कोसभर जाते," ते म्हणाले. "तीच घागर हात लांब करून धरायला सांगा. चाक बाहेर गेलं की बेअरिंगला तसं होतं." तीस वर्षे मी मुलांना तरफ शिकवली. इतकी चांगली मला कधी सांगता आली नाही.

आता करायचे काय? नवे नट तिथे मिळणारे नव्हते, आणि मिळते तरी टायरचे ९७ काही १०६ होणार नव्हते. पुतण्याने घरी फोन लावला. वहिनींनी एकही प्रश्न विचारला नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली चारही चाके आणि डब्यातले उरलेले जुने नट त्यांनी शेजारच्याच्या गाडीत घालून पाठवले. गाडी यायला दोन तास लागणार होते.

ते दोन तास आम्ही दोघे दुकानाच्या बाकावर बसून काढले. धुके निवळले होते. मला पुतण्यावर रागवायचे होते, पण रागवायला तोंड नव्हते. दशांशापर्यंत मीच पाहिले होते. माझे गणित बरोबर होते आणि प्रश्न चुकीचा होता. चाक केवढे दिसेल, हे मी काढले. चाक किती उचलील, हे विचारलेच नाही. अशा उत्तराला मी वर्गात भोपळाच दिला असता.

बऱ्याच वेळाने मी त्याला विचारले, "तुला ती चाकं कशासाठी हवी होती रे?"

तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "काका, दिवसातले चौदा तास मी या गाडीत असतो. घरात झोपायला येतो तेवढाच. लोक मला नावानं कमी आणि गाडीवरून जास्त ओळखतात. ती चांगली दिसावी असं वाटलं. दुसरं काय?"

मला उत्तर सुचले नाही. माझ्या लक्षात आले की, ओसरीवर मी त्याला पणजोबांच्या बैलगाडीचा टोमणा मारला होता, तोही खोटाच होता. आमच्या आजोबांना गाडीचा असाच सोस होता. नव्या चाकांना धाव बसवायचा दिवस मला लहानपणचा आठवतो. लाकडी चाकाभोवतीच्या लोखंडी पट्टीला आमच्याकडे धाव म्हणतात. लोहार आधी चाकाचा घेर मोजी आणि पट्टी त्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवी. मग शेणीच्या जाळात ती कडी लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती वाढते. तशीच सांडशींनी उचलून चाकावर उतरवायची आणि चहूकडून पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठे, लोखंड आकसे, लाकूड कुरकुरे आणि सगळे चाक आवळून एकजीव होई. आजोबा जवळ उभे राहून पाहत. एका चाकाची धाव दुसऱ्या चाकाला चालत नसे, मग ते चाक दिसायला कितीही सारखे असो. त्यानंतर आजोबा चाकाला गेरू नि कडांना पिवळा रंग देत. आधी माप, मग रंग, असा तो क्रम होता. पुतण्याचा क्रम उलटा झाला, आणि तो उलटा होऊ देणारा मी होतो.

हे सगळे मी त्याला सांगितले. तो ऐकत होता. मग मी त्याला डनलॉपचीही गोष्ट सांगितली. हवेचा टायर प्रथम १८४५ साली रॉबर्ट थॉमसन याने इंग्लंडमध्ये नोंदवला होता, पण त्या काळी तो चालला नाही, विसरला गेला. पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने तो पुन्हा शोधून काढला. कशासाठी? तर त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळे, म्हणून. मुलाला धक्के बसू नयेत, एवढीच त्या बापाची इच्छा होती.

"म्हणजे टायर दिसायला चांगला असावा म्हणून निघाला नाही," पुतण्या म्हणाला आणि सकाळपासून पहिल्यांदा किंचित हसला.

जुनी चाके आली. म्हातारबुवांनी ती स्वतः बसवली. नट एकामागून एक गोल फिरत आवळले नाहीत, एक सोडून एक, चांदणी काढावी तसे आवळले, म्हणजे चाक चहूबाजूंनी सारखे बसते. "पन्नास-शंभर किलोमीटर गेलास की थांब नि पुन्हा पाना लाव," असे त्यांनी बजावले. नव्या चाकांच्या दुकानात हे कोणी सांगितले नव्हते. मजुरीचे त्यांनी शंभर रुपये सांगितले. पुतण्याने पाचशे पुढे केले, तर चारशे परत दिले.

घाट आम्ही अगदी सावकाश उतरलो. बाजार केव्हाच उलगडला होता. क्रेटमागे सत्तर रुपये कमी मिळाले. साठ क्रेटांचे बेचाळीसशे रुपये गेले. परत येताना मी ते माझ्याकडून देऊ केले. पुतण्या म्हणाला, "राहू द्या काका, फी समजा."

आता या प्रकरणाचा शेवट ऐका. नवी चाके त्याने तोट्यात विकली, आणि विकताना घेणाऱ्याला आधी विचारले, की गाडी कोणती नि माल किती भरता? घेणारा मोटारवाला होता, म्हणून दिली. मग थोडे दिवस थांबून त्याने दुसरी घेतली. होय, घेतली! म्हाताऱ्या माणसाचा लेख आहे म्हणून तरुणाने हौस सोडून दिली असा शेवट होईल, असे कोणाला वाटले असेल तर तसे झाले नाही. त्याने १५ इंचीच चाके घेतली, चकचकीत मिश्रधातूची. पण घेण्याआधी चाक पालथे करून मागच्या बाजूला किती भाराचे आहे हा ओतलेला आकडा वाचला. मधल्या भोकाचे माप घेतले, हबचे कडे मागून घेतले, आणि चाकाच्या भोकांना जुळणारे नट नवे घेतले. चाक मडगार्डाच्या आत राहते ना, हे सुतळी धरून पाहिले. टायर जुन्याच मापाचे, १०६ चे. त्यांच्या अंगावरचा चार आकडी तारखेचा शिक्काही त्याने तपासला. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे असतात. दुकानात चार वर्षे पडून राहिलेला टायर त्याच्या गळ्यात बांधायला निघाले होते, तो त्याने परत केला. दुकानदार कंटाळून म्हणाला, "तुम्ही मास्तर आहात का?" पुतण्या म्हणाला, "मी नाही. काका होते."

ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी एवढ्या गोष्टी विचारून घ्याव्यात. दुकानदार त्या आपणहून सांगेलच असे नाही. आणखी एक गोष्ट कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तकातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. टायरचे माप बदलण्यापूर्वी ते वाचावे आणि शंका असेल तर परिवहन कार्यालयात विचारावे. विमा कंपनीलाही बदल कळवावा. अपघात झाल्यावर कळवला तर त्याला कळवणे म्हणत नाहीत. आणि नवे काही घ्यायचे नसेल, तरी आहे त्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की तो नियमाने बाद होतो, हे लक्षात असू द्यावे.

चालत्या गाडीचा जमिनीशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो, आणि प्रत्येक ठिकाण माणसाच्या दोन तळहातांएवढे असते. सगळा माल, गाडीचा हप्ता, चालकाचा जीव आणि घरी जागत बसलेली त्याची आई, ही सगळी त्या आठ तळहातांवर असतात. तिथे जे घालायचे ते पाहून घालावे, एवढेच माझे सांगणे आहे.

दसऱ्याला आमच्याकडे गाड्यांची पूजा झाली. पुतण्याने नव्या चाकांना हळदकुंकू लावले, झेंडूच्या माळा घातल्या. चाके झकास दिसत होती, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. वहिनी आरती घेऊन आल्या. गाडीला ओवाळून झाल्यावर त्या गोठ्याकडे वळल्या आणि भिंतीला टेकवलेल्या चार जुन्या लोखंडी चाकांनाही त्यांनी एकेक कुंकवाचे बोट लावले.

पुतण्या माझ्याकडे पाहून म्हणाला, "ती मात्र कधीच विकायची नाहीत, काका."

यावर माझे आणि त्याचे पहिल्यांदाच पूर्ण एकमत झाले.